चिमणी फिरते, आवाज करते, पण धूर ओढत नाही

स्वयंपाकघरातली चिमणी बघायला बोलावणं आलं की तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: "चालू आहे, आवाजही करते, पण ओढत नाही." गेली कित्येक वर्षं मी हाच एक बिघाड वेगवेगळ्या घरांत शोधत आलो आहे. आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातली कुठली जुळतात ते पाहा.

– धूर वर जातो, पण हूडच्या, म्हणजे शेगडीवर टांगलेल्या चिमणीच्या खोक्याच्या, पुढच्या कडेवरून निसटून खोलीत पसरतो.
– तळण करून तास उलटले तरी वास जात नाही.
– कपाटांच्या माथ्यावर आणि शेगडीमागच्या टाइल्सवर चिकट थर बसतो.
– आवाज पूर्वीपेक्षा वाढला आहे, ओढ मात्र कमी झाली आहे.
– हूडच्या कडेवरून पिवळट थेंब शेगडीवर पडतात.
– चिमणी बंद असताना बाहेरचा वारा किंवा वास आत येतो.
– चिमणी काही मिनिटं चालून आपोआप थांबते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते.

यापैकी काहीही झालं तरी घरातल्यांचा पहिला संशय मोटरवर जातो, आणि तिथेच वेळ व पैसा वाया जातो. मोटर खरंच गेली असेल तर ती फिरत नाही, अडखळते किंवा नुसती गुणगुणते. ती नीट फिरत असेल तर अडचण हवेच्या वाटेत शोधायची. खोलीत हवा शिरते, ती फिल्टरमधून पंख्यात जाते, तिथून झडप उघडून पाइपात आणि पाइपातून घराबाहेर. या साखळीत एक जागा जरी तुंबली तरी पुढचं सगळं निकामी होतं. म्हणून तपासणी याच वाटेने करायची, फुकटच्या गोष्टींपासून.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करा: तुमची चिमणी हवा खरोखर घराबाहेर टाकते का? काही चिमण्यांना पाइपच नसतो. त्या हवा गाळून परत खोलीतच सोडतात. अशा चिमणीत तेल जाळीत अडकतं, वास कोळशाच्या फिल्टरमध्ये थोडाफार शोषला जातो. वाफ, उष्णता आणि ज्वलनातून निघणारे वायू मात्र खोलीतच राहतात. तिला पाइपवाल्या चिमणीचं काम जमणार नाही, कितीही दुरुस्त्या केल्या तरी. कोळशाचा फिल्टर साधारण तीन ते सहा महिन्यांत भरतो आणि बहुतेक प्रकारांत तो धुऊन परत वापरता येत नाही, बदलावाच लागतो. तुमची चिमणी या प्रकारची असेल आणि फिल्टर वर्षानुवर्षं तोच असेल, तर कारण सापडलं.

कागदाची चाचणी

टिश्यू पेपरचा एक पदर घ्या. शेगडी बंद ठेवा, चिमणी सर्वांत जास्त वेगावर लावा आणि कागद फिल्टरला टेकवून हात काढा. तो चिकटून राहतो, लोंबतो की खाली पडतो ते बघा. एकदा करून यातून फारसं कळत नाही. खरा उपयोग तुलनेचा आहे. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हीच चाचणी त्याच जागी, त्याच कागदाने करायची. ज्या पायरीनंतर फरक पडतो, तिथे बिघाड.

खिडकी

घरातली सगळी दारं-खिडक्या बंद करून कागद लावा. मग स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडा आणि परत लावा. फरक जाणवला तर चिमणी निर्दोष आहे, तिला हवा मिळत नव्हती. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांच्या घरात पंखा फिरत राहतो, आवाज करतो, पण ओढायला त्याच्याकडे हवाच उरत नाही. शक्य असेल तर शेगडीपासून लांबची खिडकी उघडा. शेगडीच्या शेजारचीच उघडली तर आडवा झोत धुराला हूडखालून ढकलून देतो. छतावरचा पंखाही हेच करतो. चिमणी चालू असताना तो बंद ठेवून बघा. एवढ्याने तक्रार मिटलेली घरं मी बरीच पाहिली आहेत.

या जागी एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, ती वगळून पुढे जाऊ नका. घरात गॅसवर चालणारा गिझर, बॉयलर किंवा लाकूड-कोळशाची शेगडी असेल आणि तिचा धूर स्वतंत्र नळकांड्यातून वर जात असेल, तर बंद घरात जोरात चालणारी चिमणी तो धूर उलटा घरात खेचू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही त्याची पहिली चिन्हं. अशा ठिकाणी खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलहून जास्त घसरू नये अशी मर्यादा जर्मनीत पाळतात, आणि ४ पास्कल म्हणजे अगदी नगण्य दाब आहे. चांगली चिमणी तो सहज ओलांडते. ही दोन्ही उपकरणं एका घरात असतील तर स्वतः प्रयोग करू नका. चिमणी वापरायची थांबवा आणि गॅसच्या जाणकाराकडून तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा.

वापरण्याची वेळ

हे लवकर आटोपतो. धूर दिसल्यावर चिमणी लावली तर उशीर झालेला असतो. शेगडी पेटवायच्या आधी पाचेक मिनिटं ती कमी वेगावर चालू करा, म्हणजे हवेचा प्रवाह वरच्या दिशेने बसतो. स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. सर्वांत जास्त धुराचं काम मागच्या बर्नरवर करा. भिंतीला हूड चिकटलेला असेल तर पुढच्या बर्नरचा धूर त्याच्या कडेबाहेरून जातो.

फिल्टर

आता फिल्टर काढा आणि फिल्टरशिवाय, पंख्याच्या तोंडाजवळ कागद धरून बघा. कागद हातात घट्ट धरा, आत जाऊ देऊ नका, आणि बोटं पंख्याच्या तोंडाच्या आत नेऊ नका. फिल्टर नसताना ओढ एकदम वाढली तर फिल्टर तुंबलेला आहे. थोडी वाढणं साहजिक आहे.

बारीक जाळीचा फिल्टर बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतल्या थरांत तेल गोठलेलं असतं. उजेडाकडे धरून पाहा. पलीकडचं दिसत नसेल तर हवाही जात नाही. वाकवलेल्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर कमी तुंबतो, कारण त्यात हवेला वळणं घ्यावी लागतात आणि जड तेल पट्ट्यांवर आपटून खाली ओघळतं. रोज तळण-परतण होत असेल तर मी बॅफलच सुचवतो. धुवायचा कसा? कडकडीत पाणी, भांड्यांचा साबण, अर्धा तास भिजवणं, मऊ ब्रश. ॲल्युमिनियमच्या जाळीला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावू नका. ती काळी पडते आणि तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो. स्टीलला एवढी भीती नाही. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. रोजच्या तळणाच्या घरात दर दोन-तीन आठवड्यांनी, एरवी महिन्याने.

'आपोआप साफ होणाऱ्या' चिमणीबद्दल एक गैरसमज मला वारंवार दूर करावा लागतो. ती पंख्याच्या पात्यांवरचं तेल गरम करून तेलवाटीत उतरवते. झडप, पाइप आणि बाहेरची जाळी ती साफ करत नाही. तेलवाटीही तुम्हालाच रिकामी करायची आहे. भरलेली तेलवाटी शेगडीच्या बरोबर वर असते, हे लक्षात ठेवा.

झडप

हूडच्या माथ्यावर, जिथे पाइप जोडतात तिथे, अर्धचंद्राच्या दोन पात्यांची एक झडप असते. हवा आली की उघडते, थांबली की पडते, म्हणजे बाहेरची हवा आत येत नाही. तिची चाचणी कानाने होते. खोली शांत असताना चिमणी लावा आणि बंद करा. बंद केल्यावर 'टक' असा हलका आवाज आला पाहिजे. तो येत नसेल तर झडप एक तर उघडीच चिकटली आहे, नाही तर उघडतच नाही. बंद चिमणीतून वारा येत असेल तर पहिलं, ओढच नसेल तर दुसरं.

नव्या चिमणीत ही तपासणी सर्वांत आधी करा. कारखान्यातून येताना झडप हलू नये म्हणून तिला अनेकदा चिकटपट्टी लावलेली असते. बसवणाऱ्याने ती काढली नाही तर चिमणी पहिल्या दिवसापासून कोंडलेली राहते आणि घरातली माणसं समजतात की हिची ताकदच एवढी. दुसरी चूक याहून जास्त वेळा सापडते: पाइप पक्का करण्यासाठी मारलेल्या स्क्रूचं टोक आत येतं आणि झडपेचं एक पातं त्यावर अडतं. मग अर्धी झडप उघडते, अर्धी नाही. पाइप स्क्रूने जोडायचाच असेल तर आखूड स्क्रू आणि तोही झडपेच्या वर. मी शक्यतो क्लिप आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वापरतो.

झडप बघण्यासाठी आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग काढा. हूडवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. वरचं झाकण उतरवायला दोन माणसं लागत असतील किंवा स्टूल डुगडुगत असेल, तर थांबा आणि माणूस बोलवा.

बाहेरचं तोंड

पाइप घराबाहेर जिथे उघडतो तिथे जाऊन बघा. हात पोचत असेल, जमिनीवर उभं राहून किंवा बाल्कनीच्या कठड्याच्या आतून, तरच हात लावा. उंच मजल्यावर खिडकीबाहेर वाकून ही तपासणी कुणीही करू नये. मोबाइलचा कॅमेरा बाहेर धरून फोटो काढला तरी खूप कळतं. पक्ष्याचं घरटं, तेलाने घट्ट झालेली धूळ, गंजून चिकटलेल्या पट्ट्या ही नेहमीची कारणं. डास येऊ नयेत म्हणून तोंडावर बारीक जाळी लावलेली असेल तर ती काढा. तेल आणि धूळ मिळून अशी जाळी काही महिन्यांत बुजवून टाकतात. पक्ष्यांसाठी एक सेंटीमीटरच्या आसपास भोकं असलेली जाळी पुरते.

पाइप

इथे मी जरा थांबणार आहे, कारण वर्षानुवर्षं परत परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच सापडतं, आणि चिमणी विकत घेताना याबद्दल कुणी बोलत नाही.

एका घरात चिमणीची मोटर दोनदा बदलून झाली होती. तिसऱ्यांदा मला बोलावलं. मी हूडला हातच लावला नाही, आधी वरचं लाकडी खोकं उघडायला सांगितलं. हूडचं तोंड १५० मिलिमीटरचं होतं आणि भिंतीतलं भोक १०० मिलिमीटरचं. मध्ये एक रिड्यूसर, म्हणजे मोठं तोंड लहान करणारा जोड, बसवून, पाइप दाबून, भोकात कोंबला होता. स्वयंपाक करणाऱ्या बाई तीन वर्षं डोळे चोळत उभ्या होत्या आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चूक एका भोकाची होती.

आकडे बघा. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंटीमीटर असतं. १२५ चं १२३. १०० चं फक्त ७९, म्हणजे निम्म्याहून कमी. तेवढीच हवा त्यातून न्यायची तर तिचा वेग सव्वादोन पट व्हावा लागतो, आणि अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाच पट. घरगुती पंखा एवढा दाब देऊ शकत नाही. मग हवा कमी होते आणि आवाज वाढतो. "आवाज वाढला, ओढ घटली" हे लक्षण जुनी चिमणी असताना फिल्टरकडे बोट दाखवतं. चिमणी नवी असेल तर ते पाइपाचंच.

तपासायचं काय? पहिलं, हूडच्या तोंडापासून बाहेरपर्यंत व्यास कुठेही कमी होता कामा नये. जागा नसेल तर त्याच क्षेत्रफळाचा चपटा पाइप मिळतो. १५० च्या गोल पाइपाऐवजी साधारण २२० × ९० मिलिमीटरचा चालतो. दुसरं, वळणं मोजा. काटकोनातलं एक वळण एक-दोन मीटर सरळ पाइपाइतका, कधी त्याहून जास्त, अडथळा करतं. दोन वळणं चालतील, तीन झाली तर ओढ जाणवण्याइतकी घटते. एक काटकोन काढून दोन ४५ अंशांची वळणं दिली तरी फरक पडतो. हूडच्या तोंडावरच लगेच वळण नको. आधी निदान एक-दीड फूट सरळ उभा पाइप असावा. तिसरं, चुण्यांचा लवचीक ॲल्युमिनियम पाइप. तो वापरलाच तर पूर्ण ताणून वापरायचा. उरलेला पाइप वर गुंडाळून ठेवला की प्रत्येक चुणीत हवा घासते आणि तेल साचतं. कडक, आतून गुळगुळीत पाइप केव्हाही चांगला.

चौथं म्हणजे उतार. आडव्या पाइपाला बाहेरच्या बाजूला दर मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार हवा. गरम वाफ थंड पाइपात पाणी होते. उतार आतल्या बाजूला असेल तर तेच पाणी तेल घेऊन हूडमध्ये उतरतं. पिवळट थेंबांचं हे नेहमीचं कारण, विशेषतः थंडीत. फिल्टर कितीही धुतला तरी हे थेंब थांबत नाहीत.

आणखी एक. पाइप बाहेर न काढता फॉल्स सीलिंगच्या वर मोकळा सोडलेला मी पाहिला आहे. तेलाची वाफ तिथे लाकडावर आणि वायरींवर बसत राहते. हा आगीचा धोका आहे, सोयीची गोष्ट नाही. तसं आढळलं तर त्या दिवसापासून चिमणी लावू नका. इमारतीच्या सामायिक शाफ्टमध्ये पाइप सोडला असेल आणि शेजाऱ्यांचे वास तुमच्याकडे येत असतील, तर तिथे परवानगी आहे का हे इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारूनच पुढचं काम करा.

पाइप बदलणं, भिंतीत भोक मोठं करणं हे अनुभवी फिटरचं काम. भिंतीत बीम, नळ किंवा वायरी असू शकतात. पण काय करायचं आहे ते तुम्ही त्याला मापांसह सांगू शकता: "तोंड १५० चं आहे, बाहेरपर्यंत १५० च हवा, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत."

उंची आणि रुंदी

टेप घ्या आणि शेगडीच्या माथ्यापासून हूडच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. गॅसवर साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर, विजेच्या शेगडीवर थोडं कमी चालतं. पण शेवटचा शब्द तुमच्या चिमणीच्या आणि शेगडीच्या माहितीपत्रकाचा. दोन्हींत वेगळं अंतर दिलेलं असेल तर जास्त असलेलं धरा. फार वर बसवली तर धूर पोचेपर्यंत फाकतो. फार खाली बसवली तर फिल्टरमधलं तेल पेट घेऊ शकतं. डोकं आपटतं म्हणून मीटरभर वर चढवलेल्या चिमणीला कुठलीही मोटर वाचवू शकत नाही.

हूडची रुंदी शेगडीएवढी तरी हवी. दोन्ही बाजूंनी थोडी जास्त असेल तर उत्तम, कारण धूर वर जाताना पसरतो. शेगडी ७५ सेंटीमीटरची आणि हूड ६० चा असेल तर कडेच्या बर्नरचा धूर कधीच हातात येणार नाही.

ताकदीचा आकडा

सगळं ठीक असूनही ओढ कमी असेल, किंवा नवीन चिमणी घ्यायची असेल, तर हा हिशेब करा. खोली ३ मीटर लांब, २.५ रुंद, २.८ उंच असेल तर २१ घनमीटर हवा झाली. स्वयंपाक चालू असताना ती तासाला १० ते १५ वेळा बदलली जावी. १२ धरले तर ताशी सुमारे २५० घनमीटर. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा सर्वांत जास्त वेगाचा आणि पाइपाचा अडथळा नसतानाचा असतो. तुमच्या पाइपातून त्यापेक्षा कमीच मिळणार, म्हणून ताशी ४०० च्या पुढचं यंत्र बघा. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला उघडं असेल तर दोन्ही खोल्यांची हवा धरा. पण १०० च्या पाइपावर १२०० चं यंत्र बसवू नका, तो पैसा निव्वळ आवाजावर जातो. दुकानात दाबाचा आकडा, म्हणजे पास्कल, विचारा. पाइप लांब असेल तर तोच जास्त महत्त्वाचा. आणि रोजच्या मधल्या वेगावर आवाज किती डेसिबल ते पाहा. दहा डेसिबलने आकडा वाढला की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, आणि कर्कश चिमणी माणसं लावतच नाहीत.

इथे हात थांबवायचा

पंखा, मोटर आणि वायरिंग या तीन गोष्टी घरी उघडू नका. पंख्याच्या पात्यांवर एका बाजूला तेल जास्त साचलं की तोल जातो आणि हूड थरथरतो. मोटर गुणगुणते पण हळू फिरते, तेव्हा बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणारा विजेचा भाग, उतरलेला असतो. भाग छोटा आहे, पण प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा साठा राहू शकतो आणि झटका बसतो. चिमणी आपोआप थांबून अर्ध्या तासाने चालू होत असेल तर मोटर तापल्यामुळे आतलं संरक्षण तिला बंद करत आहे. पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

जळका वास, ठिणगी, हूडच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या, स्विच लावताच ट्रिप होणारा ब्रेकर: यातलं एक जरी दिसलं तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चिमणी वापरू नका. कढईतलं तेल पेटलं तर मात्र आधी चिमणी आणि शेगडी बंद करा, कढईवर झाकण ठेवा, पाणी टाकू नका. चालू चिमणी ती ज्वाळा फिल्टरमध्ये आणि पाइपात ओढते, आणि तिथे वर्षांचं तेल असतं. हात पोचण्याइतकीही जागा नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

दुरुस्तीला माणूस आला की त्याला मोटरपासून सुरुवात करू देऊ नका. तुम्ही काय काय तपासलं ते सांगा: खिडकी उघडून कागदात फरक पडला का, फिल्टरशिवाय पडला का, झडपेचा 'टक' येतो का, पाइपचा व्यास किती, वळणं किती. काम संपल्यावर तो निघायच्या आधी त्याच्यासमोर तोच टिश्यू त्याच जागी लावून बघा.